मुलांची बुडी आणि आईची सही
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला या विषयावर बोलायला सांगितले तेव्हा मी त्यांना म्हटले, "अहो, माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. लोणच्याच्या खारावर सांगा, अर्धा तास बोलेन. पण मुलांनी स्कूबा कोणत्या वयात करावे, हे मी काय सांगणार?" त्यावर त्या म्हणाल्या, "तुमच्या घरात जे झाले तेवढेच सांगा." तेव्हा घरात जे झाले ते, आणि त्यानंतर चारचौघांना विचारून जे कळले ते, असे दोन्ही सांगते. बोलताना चुकले तर सांभाळून घ्यावे.

तुम्हाला ठाऊकच आहे की मी घाटावरची. लग्न होऊन मालवणात आले तेव्हा समुद्र पहिल्यांदा पाहिला, आणि खरे सांगते, त्याची भीती अजून पुरती गेलेली नाही. पण पोट त्याच्यावरच आहे. यजमान मासेमारीच्या होड्यांची इंजिने दुरुस्त करतात आणि मी मागल्या अंगणातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देते. आपल्यापैकी पुष्कळजणींचे असेच आहे. कोणाची खानावळ, कोणाचा मुलगा स्कूबाच्या बोटीवर कामाला. त्यामुळे शाळांच्या सहली आणि मुलांची शिबिरे यायची ठरली की आधी फोन येतो तो आपल्यालाच. "आमच्यात आठ-आठ वर्षांची मुले आहेत हो, चालतील ना स्कूबाला?" पूर्वी मी बिनदिक्कत सांगत असे, "चालतील की, या." नाही म्हटले तर ती मंडळी शेजारच्या घरी उतरतील, ही भीती मनात असायची. लपवण्यात अर्थ नाही.

मग आमच्या मुलीची गोष्ट घडली. तेव्हा ती अकरा वर्षांची होती. दिवाळीच्या सुट्टीत गावातल्या मुलांचे एक शिबिर होते आणि एक दिवस त्यांना स्कूबाला नेणार होते. तिला चार दिवस सर्दी होती. रात्री मी तिला वाफ दिली, सकाळी नाकात औषधाचे थेंब घातले, नाक मोकळे झाले, आणि मी म्हटले, जा. एक मुलगा छापील कागद घेऊन दारात उभा होता. त्यावर प्रश्न होते: दमा आहे का, फिट येते का, कानाचा काही त्रास आहे का, सध्या सर्दी आहे का. त्याला पुढच्या दहा घरी जायचे होते, माझे घावन तव्यावर होते. सगळ्या प्रश्नांपुढे मी "नाही" लिहिले आणि सही केली. सर्दीपुढेसुद्धा.

पोर पाण्यात उतरली, दहाबारा फुटांवर गेली आणि तिचा कान ठणकू लागला. बरोबरच्या माणसाने बोटांनी विचारले, बरे आहे ना? हिने बोटांनीच उत्तर दिले, बरे आहे. तो आणखी खाली घेऊन गेला. त्याला मी दोष देत नाही. कागदावर सर्दी नव्हती, आणि पोरगी स्वतः बरे आहे म्हणत होती. संध्याकाळी उशीवर रक्ताचा डाग दिसला तेव्हा मला कळले. डॉक्टरांनी पाहून सांगितले की कानाच्या पडद्याला भोक पडले आहे. दोन महिने कानात पाण्याचा थेंब जाऊ द्यायचा नव्हता. डोक्यावरून न्हाऊ घालताना मी तिच्या कानात व्हॅसलिन लावलेला कापूस घालायची आणि माझे हात थरथरायचे. पडदा भरून आला, देवाची कृपा. पण ते दोन महिने मी कोणाला सांगू शकत नव्हते की सही माझी होती.

एका रात्री मी तिला विचारले, "दुखत होते तर बरे आहे असे का सांगितलेस?" ती म्हणाली, "गे आये, सगळी माझ्याकडे बघित होती." बोटीवर शिबिरातली अकरा मुले रांगेत बसलेली, शिवाय तो पाण्यातला व्हिडिओ काढणारा समोर. आपण वर आलो तर सगळी हसतील, म्हणून ती दुखणे सोसत खाली गेली.

माझ्या मनात तेव्हापासून हेच बसले आहे. तिचे वय बरोबर होते. नियमाने दहा वर्षे लागतात, ती अकराची होती. पोहायलाही येत होते.

आता वयाचे नियम सांगते, कारण त्याचा घोळ पुष्कळ आहे. आमच्या आळीतला एक मुलगा हे काम रीतसर शिकलेला आहे. आपल्या पर्यटन महामंडळाची तारकर्लीला हे शिकवणारी संस्था आहेच. त्याच्याकडून मी तीन संध्याकाळी बसून समजून घेतले. जगभर चालणारी 'पाडी' म्हणून एक संस्था आहे, तिचे नियम असे. आठ वर्षांच्या मुलाने पाठीवर नळकांडे लावायचे ते फक्त उथळ पाण्यात, दोन मीटरच्या आत. म्हणजे एक पुरुष पाण्याइतके. आपण सहलीत घेतो तशी समुद्रातली एकवेळची बुडी दहा वर्षे पुरी झाल्यावर, आणि तीही बारा मीटरच्या वर. रीतसर शिकून दाखला घ्यायचा तर तोही दहापासून मिळतो, पण तो कच्चा. दहा-अकराच्या मुलाने आईवडील किंवा शिक्षक सोबत असल्याशिवाय उतरायचे नाही आणि बारा मीटरखाली जायचे नाही. बारा ते चौदाच्या मुलाबरोबर दाखला असलेला मोठा माणूस हवा. पंधराव्या वर्षी पक्का दाखला. शिकवताना एका शिक्षकामागे समुद्रात चार मुले, आणि त्या चारांत दहा-अकराची दोनच.

डॉक्टरांचे मात्र यावर एकमत नाही. काही म्हणतात दहा ठीक आहे, काही म्हणतात आणखी चार वर्षे थांबलात तर काय बिघडते. अमेरिकेतल्या बालवीर संघटनेत तर लहान वयाच्या तुकड्यांना स्कूबा मुळीच करू देत नाहीत. मोठ्या मुलांसाठी स्कूबाचे पदक आहे, ते 2009 साली सुरू झाले, पण त्यासाठी आधी पोहण्याचे पदक मिळवावे लागते. हे मला फार पटले. आपल्याकडे उलटे आहे. "पोहता येत नसले तरी चालेल" अशी पाटीच असते, आणि ते खोटेही नाही. आपल्याकडच्या बुडीत शिकलेला माणूस पाहुण्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत धरून असतो. पण मूल पाण्याला बुजत असेल, नाकातोंडात पाणी गेले की घाबरून वर धाव घेत असेल, तर धरणारा तरी काय करील? त्या दाखल्याच्या शिक्षणात पहिली परीक्षा असते ती दोनशे मीटर पोहण्याची आणि दहा मिनिटे नुसते तरंगत राहण्याची.

वर धाव घेणे का वाईट, हे मला समजायला वेळ लागला, म्हणून जरा सविस्तर सांगते. आपल्या मुलांना आपण काय शिकवतो? श्वास कोंड आणि बुडी मार. नांगर अडकला की आपले पुरुष असेच श्वास धरून खाली जातात आणि सोडवून येतात. त्यात फुप्फुसाला धोका नसतो, कारण हवा वरूनच भरून नेलेली असते. खाली ती दाबली जाते, वर आल्यावर होती तेवढीच होते. पण नळकांड्यातली हवा खाली, दाबाखाली घेतलेली असते. दहा मीटरवर दाब वरच्या दुप्पट. तिथे फुगा भरून तोंड बांधले आणि वर आणला तर वर येईपर्यंत तो दुप्पट होऊ पाहतो, आणि फुटतो. छातीत श्वास कोंडून मूल वर आले तर छातीतला फुगा तोच. त्याला दहा मीटरही लागत नाहीत, उभ्या माणसाच्या उंचीइतक्या पाण्यातही इजा होऊ शकते. म्हणून या विद्येत पहिला नियम, श्वास कधीही कोंडायचा नाही, सारखा घेत-सोडत राहायचे. आता बघा, आपली किनाऱ्यावरची मुले, ज्यांना आपण पाण्यातले मासे म्हणतो, त्यांनाच श्वास कोंडायची सवय अंगात मुरलेली. घाबरले की ती आधी तेच करणार. मी हे सासूबाईंना सांगितले तेव्हा त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "वाऱ्याक नि पाण्याक वय ठावक नसता गो."

कानाचेही तसेच. नाक चिमटीत धरून हळूच फुंकर मारली की कानातला दाब सारखा होतो. हे हातभर खाली गेल्यापासूनच करायचे, दुखायची वाट बघायची नाही. दुखले तर थोडे वर यायचे. मुलांची कानातून घशाकडे जाणारी नळी अरुंद असते, सर्दीत ती सुजून बंद होते. आणि मी जे नाकात थेंब घातले होते ना, तेही चुकलेच. औषधाचा जोर मूल पाण्यात असतानाच उतरला तर नळी पुन्हा बंद होते. सर्दी असली की बुडी नाही, इतके साधे ते आहे. दमा, फिट किंवा कानाचा जुना त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्यावाचून नाव घालू नये.

आणि खुणा. आपण सगळ्या मुलांना काय सांगतो, छान झाले की अंगठा वर कर. पाण्याखाली अंगठा वर म्हणजे "मला वर न्या." बरे आहे असे सांगायचे तर अंगठा आणि पहिले बोट जोडून गोल करायचा. खुशीत येऊन अंगठा दाखवणारी आणि मग बुडी आटोपली म्हणून रडणारी मुले आमच्या पडवीत मी किती तरी पाहिली आहेत. ते एक वेळ परवडले. मला भीती वाटते ती अंगठा दाखवायला लाजणाऱ्या मुलाची.

एकटे मूल आईबापांबरोबर आले तर ते रडते, नको म्हणते, आईच्या पदराला धरते. तेच मूल वीस सोबत्यांबरोबर आले की गप्प होते. पुढारी विचारतात, "कोण कोण तयार?" आणि सगळे हात वर जातात. मी त्यातल्या मुलांचे चेहरे बघते. आदल्या रात्री जेवताना ज्याने दोनदा विचारले असते की काकू, खाली किती खोल असते हो, त्याचा हात सकाळी सगळ्यांत आधी वर. त्यातून पैसे आधी भरलेले. "पैसे भरलेत, आता मागे फिरायचे नाही," हे वाक्य मी शिकल्यासवरल्या गुरुजींच्या तोंडून ऐकले आहे. रागावू नका, पण बायांनो, आपणही तेच म्हणतो.

म्हणून आता सहलीचे फोन आले की मी पुढाऱ्यांना एक गोष्ट आवर्जून सांगते. आदल्या रात्री, सगळ्या मुलांसमोर, तुमच्या तोंडाने सांगा की जो उतरणार नाही तो बोटीवरून काच लावून मासे बघेल, आणि त्याला कोणी हसणार नाही. मग प्रत्येकाला एकेकटे बाजूला घेऊन विचारा. पडवीत नको, मागल्या विहिरीपाशी न्या. आणि मुलाला नियम परत म्हणून दाखवायला लावा. श्वास का कोंडायचा नाही, कान दुखला तर काय, वर यायचे तर कोणती खूण. ज्याला आपल्या शब्दांत सांगता येत नाही तो अजून तयार नाही, मग तो दहाचा असो की चौदाचा. हे सांगितल्यामुळे दोन सहली माझ्याकडून गेल्या. एक परत आली.

बाकी बारीकसारीक गोष्टी भरभर सांगते. मोठ्यांचा चष्मा लहान चेहऱ्यावर बसत नाही, पाणी आत येते. किनाऱ्यावरच लावून बघावा. तोंडात धरायचा तो रबरी भागही मोठा असतो, मुलांचे जबडे दुखतात. अंगाला सैल होणारा रबरी पोशाख ऊब धरत नाही, आणि लहान अंग लवकर गारठते. ओठ निळे दिसले की बाहेर. बुडीआधी मासळीभात नको, दोन तास आधी हलके काही. संध्याकाळच्या विमानाने परतणार असतील तर सकाळची बुडी नको. एका बुडीनंतर निदान बारा तास जाऊ द्यावे लागतात, जास्त बुड्या झाल्या तर अठरा. घाट चढून जाणाऱ्यांनीही शिक्षकाला विचारूनच वेळ ठरवावी. तेव्हा सहलीचा शेवटचा दिवस स्कूबाला ठेवू नये.

आणि बोट. आपण पाण्याखालचीच काळजी करत बसतो. 2022 च्या मे महिन्यात तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोन माणसे गेली, ती पाण्याखाली गेलेली नव्हती, किनाऱ्याकडे येत होती. बोटीवर चढल्यापासून उतरेपर्यंत प्रत्येक मुलाच्या अंगात जाकीट, तेही बंद लावलेले, आणि बोटीत मोजकीच माणसे. मे महिन्याच्या अखेरीला समुद्र फिरतो, हे तुम्हाला मी घाटावरच्या बाईने सांगायचे म्हणजे हसण्यासारखेच आहे.

आता धाकट्याचे सांगते आणि संपवते. गेल्या वर्षी तो दहाचा झाला. बहिणीचे सगळे पाहिलेला, तरी हट्ट तोच. नोव्हेंबरमध्ये त्याच्या गटातली चौदा मुले जाणार होती. या वेळी मी कागद दोन दिवस घरी ठेवून घेतला. घरातल्या बादलीत चष्मा लावून, काढून, पुन्हा लावून त्याने सराव केला. अर्धी न्हाणी वाहून गेली. वडिलांनी त्याला खाडीत नेऊन तरंगायला लावले. ताईने खुणा शिकवल्या, आणि तिने त्या अशा शिकवल्या की मी आतल्या खोलीत जाऊन डोळे पुसून आले. ती त्याला म्हणत होती, "अंगठा वर केल्यार कोण हसलो, तर माझा नाव सांग." सर्दी नव्हती. सगळ्या प्रश्नांपुढे वाचून, विचारून मी "नाही" लिहिले आणि सही केली. त्या दिवशी मीही बोटीवर गेले. जाकीट घालून, डोळे मिटून, पण गेले.

त्याची पाळी सातवी होती. पोशाख चढवला, पाण्यात उतरला, कमरेला दोरी धरून तोंडाने श्वास घ्यायचा सराव सुरू झाला. दोन मिनिटे झाली असतील. त्याने डोके वर काढले आणि अंगठा वर केला. शिक्षकाने विचारले, पुन्हा एकदा बघू या? त्याने पुन्हा अंगठा वर केला. बोटीवरची दोन मुले हसली, नाही असे नाही. माझ्याही मनात क्षणभर आले की भरलेले पैसे गेले. हे मी तुमच्यापुढे कबूल करते, कारण आईचे मनही काही गंगाजळ नसते.

मी त्याला टॉवेलात गुंडाळून जवळ घेतले आणि डब्यातला घावन दिला. तो खाता खाता म्हणाला, "गे आये, माका भिया नाय वाटला. फक्त आज नको वाटला." मग तो बोटीच्या कडेला पालथा पडून चष्म्यातून खालचे मासे बघत राहिला आणि आठव्या मुलाला वर आल्यावर त्यानेच विचारले, खाली काय दिसले रे?

आपल्या मंडळाचा बालगट या डिसेंबरात जाणार आहे. कागद माझ्याकडे आहेत, ते कोणीही दारात उभ्या उभ्या सही करून देऊ नयेत, घरी घेऊन जावेत. उतरण्यासाठी बावीस मुलांची नावे आली आहेत. त्यांतली पाच दहाच्या आतली आहेत, ती बोटीवर येतील पण पाण्यात उतरणार नाहीत. त्यांच्या आयांना मी आज कार्यक्रमानंतर भेटते. आमच्या धाकट्याचे नाव यादीत घालायचे की नाही ते त्याने अजून सांगितलेले नाही. एक ओळ मोकळी ठेवली आहे.